मागाचा खड्डा आणि चार ओळी

पहाटे साडेतीनला बिरप्पाचा दिवस सुरू व्हायचा. गजर तो लावत नसे. मंद्रूपच्या चौकात कांद्याचा पहिला टेम्पो येऊन थांबायच्या आत तो तोंड धुऊन, डोक्याला पटका गुंडाळून तिथं उभा असे. टेम्पोवाला त्याला पोत्यांवर बसवून सोलापूरच्या मार्केट यार्डात आणी. भाडं घेत नसे. यार्डात गाडी लागली की त्याचा माल आधी उतरवायचा, एवढाच दोघांचा करार होता, आणि तो कधी बोलण्यात आला नव्हता.

यार्डात बिरप्पा हमाल होता. तिशीच्या आत आला, आणि पन्नाशी ओलांडली तरी तिथंच होता. पोतं उचलणं बघणाऱ्याला ताकदीचं काम वाटतं. ते ताकदीचं कमी आणि अंदाजाचं जास्त आहे. पोतं पाठीवर कुठं बसवायचं, मान कशी धरायची, पहिलं पाऊल कोणतं टाकायचं, हे चुकलं तर ताकद असून उपयोग नाही. एका खेपेला एक पोतं. नवी पोरं ईर्ष्येनं दोन उचलतात आणि थोड्याच दिवसांत कंबर धरून घरी बसतात. बिरप्पानं कधी दोन उचलली नाहीत, आणि उचललेलं एकही अर्ध्या वाटेत टाकलं नाही. टोळीचा मुकादम वीरभद्रप्पा नाजूक माल आला की त्यालाच हाक मारी.

अलीकडं मात्र उजवा खांदा ठणकायला लागला होता. हे त्यानं यार्डात कुणाला सांगितलं नाही. बायकोला सांगावं लागलं नाही. संध्याकाळी तो घरी आला की मायाक्का न बोलता तेल कोमट करून पुढं ठेवायची.

खांदा थांबला तर काय, याचं उत्तर बिरप्पाकडं होतं. ते घराच्या पुढच्या खोलीत होतं. दारातून आत शिरलं की उजव्या अंगाला जमिनीत कंबरेएवढा खड्डा. त्याच्या बापाचा माग. विणणारा खड्ड्याच्या काठावर बसतो, पाय आत सोडतो, पायाखालच्या पावड्या दाबतो आणि वर धोटा इकडून तिकडं फेकतो. या खड्ड्यातून घोंगड्या निघायच्या. बिरप्पाची आई त्यांना कानडीत कंबळी म्हणायची. बाप होता तोवर बिरप्पाही तिथं बसला होता. पुढं गिरणीतल्या ब्लँकेटांनी बाजार खाल्ला, घोंगडीला गिऱ्हाईक राहिलं नाही, म्हणून तो यार्डात गेला. बाप गेल्यावर माग उभाच राहिला. पोतं उचलायला त्याला कुणी शिकवलं नव्हतं, भुकेनं शिकवलं. बापानं हाताला धरून शिकवलेलं काम एकच, ते हे. खांदा गेला तरी विणता येतं. खड्डा मात्र राहायला हवा होता.

खड्ड्याचा विषय गुढीपाडव्याला निघाला. धाकटा भाऊ शहाजी गवंडीकाम करायचा. शेजारीच दोन खोल्या बांधून राहत होता. पुढची खोली दोघांच्या वाट्याची होती. शहाजीच्या बायकोला, निंगव्वाला, पिठाची गिरणी टाकायची होती. रस्त्याला लागून शहाजीच्या वाट्याला जागा तेवढीच. मागणी वाकडी नव्हती. बाई दिवसभर दुसऱ्याच्या रानात भांगलत होती. घरच्या दारात चार पैसे मिळाले तर तिला हवे होते. जेवण झाल्यावर शहाजीनं खड्ड्यात डोकावून पाहिलं.

"आण्णा, उंदरांनी पिलं घातल्यात आत. ह्याला माग म्हनायचं का बीळ, तूच सांग."

बिरप्पानं सुपारी कातरता कातरता सांगितलं, "दसऱ्यापातूर थांब. तवर माग चालू झाला न्हाय, तर मीच फावडं धरतो."

"चालू म्हंजे कसा? एक घोंगडी इनून खुंटीला टांगलीस, तर त्ये चालू न्हवं."

"एक इकली आन् दुसरी मागावर हाय, असं आसंल तर?"

"मग मी तोंड उघडत न्हाय."

मायाक्का आणि निंगव्वा दोघी ऐकत होत्या. त्यामुळं आता मागं फिरायला जागा नव्हती. पुढच्याच आठवड्यात शहाजीनं कुठल्याशा पाडलेल्या भिंतीचा राडारोडा ट्रॅक्टरनं आणून दाराशी ओतला. खड्डा बुजवायला. काम अजून ठरायचं होतं, पण सामान आधी गोळा करून ठेवायची त्याची सवय होती. बिरप्पा रोज पहाटे त्या ढिगाला वळसा घालून बाहेर पडू लागला.

बिरप्पाची मुलगी सुकन्या सोलापुरात एका छापखान्यात कॉम्प्युटरवर पत्रिका आणि बोर्ड तयार करायची. तिनं वडलांसाठी वेबसाईट उभी केली. घरात आजोबांच्या हातची एक घोंगडी होती, तिचे फोटो उन्हात काढले. मागाचा फोटो टाकला, उंदरांची बिळं दिसणार नाहीत अशा बेतानं. मागणी कुठं नोंदवायची, पैसे कसे द्यायचे, सगळं नीट मांडलं. साईट देखणी झाली. पण ती बघायला कुणी आलं नाही. दिवसाला किती जण आले हे तिथं कळायचं. बहुतेक दिवस दोघं यायचे. एक सुकन्या, दुसरा बिरप्पा.

मग तिनं त्याच्या फोनवर एक ॲप टाकून दिलं. त्यात थोडक्यात लिहायचं, चार ओळींच्या वर जायचं नाही. लिहिलं की ते कुठल्याही गावच्या माणसाला दिसू शकतं, आणि त्याला आवडलं तर तो ते पुढं धाडतो. नावाखाली वेबसाईटचा पत्ता कायमचा लिहून ठेवता येतो. बिरप्पाला चार ओळींची अट पटली. यार्डात दोन गाड्यांच्या मध्ये तेवढाच वेळ मिळायचा.

तो कामाला लागला. सकाळी लिही, दुपारी लिही, संध्याकाळी लिही. "अस्सल घोंगडी मिळेल. त्वरित संपर्क साधा. वेबसाईट पाहा." कंटाळा केला नाही, एक दिवस चुकवला नाही. चैत्र गेला, वैशाख लागला. वाचणारं कुणी नव्हतं. वीरभद्रप्पा त्याला पोत्यांच्या थप्पीआड फोन बघताना पकडायचा.

"कोन हाय रं तुझं त्यात? घडीघडीला बगतोस."

"गिऱ्हाईक हाय."

"मला तर दिसंना."

"मला बी न्हाय दिसलं अजून," बिरप्पा म्हणाला आणि फोन खिशात घालून पोत्याखाली वाकला.

कष्ट पुरे होते, पण चुकीच्या जागी चालले होते. हे त्याला यार्डातच उमगलं. लिलावाच्या वेळी एक शेतकरी आपल्या ढिगाजवळ उभा राहून एक नंबर माल, एक नंबर माल म्हणून ओरडत होता. व्यापारी त्याच्यासमोरून निघून जात होते. त्याच्या पलीकडं दुसरा एक जण पोत्याचं तोंड उघडून गप्प बसला होता. कुणी थांबलं की सांगायचा, रान कसलं आहे, कांदा कधी काढला, किती दिवस सुकवला. त्याच्याजवळ माणसं थांबत होती. बिरप्पा रोज हे बघत आला होता. फोनवर आपण कोणत्या माणसासारखे वागतोय, हे त्यानं त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

घरी येऊन त्यानं सुकन्याला विचारलं. तिला कधीचं बोलायचं होतं.

"आप्पा, तुमी रोज नुसतं वरडताय. दुसरं कुनी काय इचारतंय त्ये थांबून वाचत न्हाय, सांगत न्हाय. तितं बी मानसंच हायती की."

दुसऱ्या दिवसापासून त्यानं रीत बदलली. आपलं लिहायच्या आधी दुसऱ्याचं वाचायचं. कुणाला अडचण असेल आणि आपल्याला माहीत असेल, तर सांगायचं. माहीत नसेल तर गप्प बसायचं. मग आपलं एक लिहायचं. त्यात एकच गोष्ट. पोत्याचा नियम त्यानं ओळींना लावला. घोंगडी मिळेल, संपर्क साधा हे शब्द काढून टाकले. पत्ता नावाखाली होताच. ज्याला हवा तो बघेल.

पहिली ओळ त्यानं अशी लिहिली: "काळ्या मेंढीची लोकर रंगवावी लागत नाही. उन्हानं थोडी तांबूस होते, पण रंग पाण्यात उतरत नाही." लिहायला त्याला दोन गाड्या उतरवण्याएवढा वेळ लागला. शब्द ठेवायचा आणि काढायचा. संध्याकाळी त्याखाली तीन जणांनी प्रश्न विचारले होते.

मग हे चालू राहिलं. कुणाच्या पेटीतल्या घोंगडीला कसर लागली होती. त्याला त्यानं उन्हात झटकायला आणि कडुनिंबाचा वाळलेला पाला घडीत घालायला सांगितलं. कुणी विचारलं, घोंगडी जड का असते. कुणाला भोक पडलेली घोंगडी फेकून द्यायची होती. त्याला त्यानं तिच्याच काठाचा धागा काढून कसं भरायचं ते चार ओळींत बसवून सांगितलं. काही लोक त्याला ओळखू लागले. वेबसाईटवर येणारे आता दोघांपेक्षा जास्त होते. पण घोंगडी विकली गेली नव्हती, आणि विकायला नवी नव्हतीही. लोकरच नव्हती. जवळपासची मेंढरं आता मांसासाठी पाळली जात होती. कातरलेली लोकर कोण कुठं टाकतं, कुणाला ठाऊक नव्हतं.

ते त्याला त्या ॲपवरच कळलं. सांगोल्याकडचा शिवू नावाचा एक मेंढपाळ होता. त्यानं बाभळीखाली पडलेल्या काळ्या लोकरीच्या ढिगाचा फोटो टाकला होता आणि लिहिलं होतं, कुणी नेणार असेल तर न्या, नाहीतर ओढ्यात टाकतो. त्याखाली कुणी हसलं होतं, कुणी हळहळलं होतं. बिरप्पानं लिहिलं, "टाकू नका. पाणी लागू देऊ नका. रविवारी येतो."

रविवारी यार्ड बंद. तो पहिल्या एसटीनं निघाला. शिवूची मेंढरं एका पडीक रानात बसली होती. शिवू वयानं लहान, पण लोकर हातात घेऊन बोटांनी उलगडणारा माणूस बघून तो सावरून बसला. इतक्या वर्षांत कुणी त्याच्या लोकरीला असा हात लावला नव्हता. फुकट न्या म्हणाला. बिरप्पानं ऐकलं नाही. फुकटात आणलेल्या मालाची पुन्हा मागणी करता येत नाही, हे त्याला माहीत होतं. दर ठरवला, लोकर गोणपाटात बांधली आणि गठ्ठा एसटीच्या टपावर चढवला. शिवूनं त्या संध्याकाळी ॲपवर लिहिलं की मंद्रूपचा एक माणूस लोकर विकत नेतो. ते वाचून आणखी मेंढपाळांनी आपली लोकर राखून ठेवतो म्हणून कळवलं; दिवाळीपर्यंतची लोकर त्या एका ओळीनं पक्की झाली.

मायाक्कानं चरखा माळ्यावरून काढला. पहिले दोन दिवस सूत तुटत होतं. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, हात इसरला न्हाय, रुसला हुता. ती पिंजून, कातून सूत द्यायची. बिरप्पा यार्डातून आला की खड्ड्यात उतरायचा. उंदरांची बिळं त्यानं लिंपली, पावड्यांच्या दोऱ्या बदलल्या. चिंचोके भाजून, दळून, शिजवून त्यांची खळ केली आणि ताण्याच्या उभ्या धाग्यांना कुंच्यानं दिली. ही खळ दिल्याशिवाय लोकरीचं सूत मागावर टिकत नाही, घासून तुटतं. पोतं वाहून आलेला खांदा धोटा फेकताना कुरकुरत नव्हता. तो वेगळ्या वाटेनं हलत होता. शहाजी दारातून जाता येता आवाज ऐकायचा आणि ढिगाकडं बघून पुढं जायचा.

श्रावण संपता संपता पहिली मागणी आली. पुण्याचा ऋतुराज नावाचा तरुण. कसर लागल्याचं उत्तर त्यानं वाचलं होतं, तेव्हापासून तो बिरप्पाच्या ओळी वाचत होता. मग वेबसाईटवर गेला आणि घोंगडी मागवली. बिरप्पानं ती घडी घालून गोणपाटात गुंडाळली आणि पोती शिवायच्या दाभणानं शिवली. असं शिवलं की रस्त्यात टाका उसवत नाही. सुकन्यानं कुरियरनं धाडली. त्या दिवशी मायाक्कानं गूळ घालून शेवया केल्या. निंगव्वालाही वाटीभर पाठवल्या. निंगव्वानं वाटी रिकामी परत दिली नाही. शेंगदाण्याची चटणी घालून दिली. दोघी जावांत भांडण नव्हतं. भांडण खोलीचं होतं.

गणपती बसले त्या आठवड्यात बिरप्पा यार्डात चहा पीत होता. फोन काढला तर त्यावर आजवर कधी आल्या नव्हत्या एवढ्या नव्या निरोपांच्या खुणा. त्याला आधी बरं वाटलं. मग त्यानं वाचलं. ऋतुराजनं सगळ्यांना दिसेल असं लिहिलं होतं: "सोलापूरची घोंगडी मागवली. पुठ्ठ्यासारखी कडक आहे, अंगाला टोचते, आंबूस वास येतो. फोटोंवर जाऊ नका." खाली वेबसाईटचा पत्ता. लोकांनी ते भराभर पुढं धाडलं होतं. वेबसाईटवर त्या दिवशी पहिल्यांदा गर्दी होती.

दसरा तोंडावर आला होता. विकलेली एकच घोंगडी, ती परत आली तर बोलणंच संपलं. बिरप्पानं चहा अर्धा टाकला नाही, पिऊन संपवला, आणि पुढची गाडी उतरवायला गेला.

संध्याकाळी सुकन्या आधीच घरी येऊन बसली होती. तिचा चेहरा उतरला होता. तिचं म्हणणं, त्याला फोन करू, पैसे परत देऊ आणि ते लिहिलेलं काढून टाकायला सांगू. मायाक्का चरख्यापाशी बसून ऐकत होती. तिला राग आला होता, पण पुण्याच्या माणसाचा; सुकन्याचा नाही.

"कडक न्हाय तर काय? खळ दिल्याली नवी घोंगडी हाय, गादी न्हवं. शेंबड्या पोराला बी ठावं हाय ह्ये."

बिरप्पा तेल चोळत होता. त्याचा हात थांबला.

"त्याला कुनी सांगितलं?"

 कुणीच सांगितलं नव्हतं. मंद्रूपात नवी घोंगडी घेणाऱ्याला हे सांगणं म्हणजे विस्तव भाजतो म्हणून सांगण्यासारखं. आणणारा ती भिजवतो, तुडवतो, वाळवतो, मग अंगावर घेतो. वेबसाईटवर सगळं होतं, लांबी, रुंदी, वजन, मेंढी कोणती. हे नव्हतं. लिहायला हवं असं घरातल्या तिघांच्याही डोक्यात आलं नव्हतं.

"पोराचं बरोबर हाय," बिरप्पा म्हणाला. "लिवलेलं काडायला सांगू नगंस. त्यानं सगळ्यांम्होरं इचारलंय. आपुन बी सगळ्यांम्होरंच सांगायचं."

उत्तर त्यानं लगेच लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी यार्डात पोती वाहताना तो शब्द जुळवत राहिला. वीरभद्रप्पानं दोनदा हाक मारली, त्याला ऐकू गेली नाही. मुकादम जवळ येऊन म्हणाला, गिऱ्हाईक आलं वाटतं. बिरप्पा म्हणाला, आलं, आणि चिडून आलंय. मुकादमानं त्याला पुढच्या गाडीला बसून राहायला सांगितलं. पोत्यांच्या थप्पीला टेकून बिरप्पानं लिहिलं:

"ऋतुराजसाहेब, तुमचं बरोबर आहे. सुताला बळ यावं म्हणून आम्ही चिंचोक्याची खळ देतो. त्यामुळं नवी घोंगडी कडक असते, वासही खळीचाच. आमच्या भागात हे सगळ्यांना माहीत, म्हणून सांगायचं राहिलं. चूक माझी."

एका खेपेला एक पोतं. दुसरी गोष्ट त्यानं वेगळी लिहिली:

"थंड पाण्यात भिजवा. साबण नको, गरम पाणी नको. पायानं तुडवा. न पिळता सावलीत वाळवा. पुन्हा एकदा करा. तरी टोचली तर परत पाठवा. येण्याजाण्याचा खर्च माझा."

लिहून तो उठला आणि राहिलेली पोती उतरवली.

दुपारपर्यंत काही झालं नाही. मग बार्शीहून सृष्टी नावाच्या एका प्राध्यापिकेनं त्याखाली लिहिलं. भोक भरायची रीत तिनंच पूर्वी विचारली होती. तिच्या आजीला, सारजाबाईंना, तिनं हे सगळं वाचून दाखवलं होतं, आणि आजीनं सांगितलं ते जसंच्या तसं उतरवलं होतं: "आमच्यात नवी घोंगडी आधी सासऱ्याला द्यायचे. म्हातारा रात्रभर कुरकुरायचा, कूस बदलायचा. महिन्याभरात घोंगडी मऊ. मग बाकीच्यांनी घ्यायची. पुण्याच्या पोराच्या घरी सासरा नसंल, त्याला त्यो काय करणार."

त्यावर लोक हसले आणि लिहू लागले. वैरागचा एक दुकानदार म्हणाला, आमच्याकडं घोंगडी पोरांच्या पायाखाली द्यायचे, तिच्यावर कुस्ती खेळायला लावायचे. कुणाचा आजोबा ती ओढ्यात दगडाखाली दाबून ठेवायचा. एका बाईच्या घरी अजून एक होती, ती पेटीतून काढून तिनं फोटो टाकला. बिरप्पानं प्रत्येकाचं वाचलं. उत्तर फक्त विचारणाऱ्यांना दिलं. आपल्या मालाबद्दल एक शब्द लिहिला नाही. लिहायची गरजच नव्हती. माणसं पत्त्यावर आपणहून जात होती. सुकन्यानं त्याच रात्री वेबसाईटवर नवं पान जोडलं, नवी घोंगडी मऊ कशी करावी याचं. सारजाबाईंचं बोलणं सृष्टीला विचारून वर घातलं.

आठवड्याभरानं ऋतुराजचा फोटो आला. बाल्कनीत मोठा टब, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, तो पाण्यात उभा राहून घोंगडी तुडवतोय. खाली लिहिलं होतं, दोनदा तुडवली, वास गेला, टोचणं बरंच कमी झालं, घोंगडी ठेवतोय. मी घाईनं लिहिलं, असंही लिहिलं होतं. आधीचं लिहिलेलं त्यानं काढून टाकलं नाही, आणि बिरप्पाला ते बरं वाटलं. दोन्ही वाचून जो येईल तो पक्का येईल.

फार मोठी रांग लागली नाही. पण मागण्या आल्या. सृष्टीनं आजीसाठी एक मागवली आणि कॉलेजातल्या प्रदर्शनात बिरप्पानं बसून विणायची रीत सांगावी असं कळवलं. वैरागच्या दुकानदारानं दुकानात ठेवायला दोन मागितल्या. ऋतुराजच्या ओळखीतून आसनांची मागणी आली. मायाक्काच्या एकटीच्या चरख्यानं हे भागेना. शेजारच्या शिवबाईंनी आपल्या मोडक्या चरख्याला शहाजीकडून खिळे मारून घेतले आणि त्याही कातायला लागल्या. खिळे कशासाठी मारतोय, हे शहाजीला माहीत होतं. त्यानं मारले.

खंडेनवमीला त्या घरात हत्यारांची पूजा पुढच्या खोलीतच व्हायची. बाप होता तेव्हापासून तसंच होतं. त्या दिवशी माग चालवत नाहीत. बिरप्पानं धोटा आणि फणी धुऊन मागाजवळ मांडली, शेजारी यार्डातला पोती ओढायचा आकडा ठेवला. मायाक्कानं चरखा ठेवला. शहाजी आपली थापी, ओळंबा आणि फावडं घेऊन आला आणि नेहमीच्या जागी, खड्ड्याच्या काठाला, मांडून बसला. मागावर ताणा चढलेला होता, वीतभर विणून झालं होतं. त्यानं वाकून बोटानं पोत बघितला. हळदकुंकू वाहून झालं, तरी तो उठला नाही.

"त्या कुरकुरनाऱ्या सासऱ्याचं आमच्या बांधकामावर बी वाचलं पोरांनी," तो म्हणाला. "मला म्हनत्यात, मिस्तरी, ह्यो तुमचा भाऊ का. म्हनलं, व्हय."

"माग चालू हाय का न्हाय, त्ये बोल."

"आज तर बंदच दिसतोय."

निंगव्वा हसली. बिरप्पाही हसला. शहाजी फावड्याच्या दांड्यावरची माती नखानं खरवडत राहिला. भावानं शब्द पाळला होता, त्यामुळं शहाजीला आता तोंड उघडता येत नव्हतं. पण गिरणीचं काय, हे निंगव्वाच्या तोंडावर होतंच. बिरप्पानं ते पाडव्यापासून बघितलं होतं. माग वाचला म्हणून तिची गरज संपली नव्हती. त्यानं पोतं अर्ध्या वाटेत कधी टाकलं नव्हतं.

"उद्या सोनं लुटून झालं की आखायला दोरी घिऊन ये," तो शहाजीला म्हणाला. "खोलीच्या भायेर, रस्त्याच्या अंगाला, माझ्या वाट्याची जागा हाय. भिंतीला टेकून शेड उतरव. गिरनी तितं बसंल."

"आन् पत्रं?"

"त्ये माझ्याकडं लागलं."

 जाताना शहाजीनं थापी आणि ओळंबा उचलला. फावडं मात्र तिथंच ठेवलं. दुसऱ्या दिवशी लागणारच होतं.

घोंगड्यांचे पैसे बिरप्पानं वेगळे धरले होते. ते लोकरीला गेले, शिवबाईंच्या मजुरीला गेले, वेबसाईटच्या वर्षाच्या भाड्याला गेले. हमालीची शिल्लक तो खांदा थांबेल त्या दिवसासाठी राखून होता. त्या दिवसासाठी आता माग होता. दिवाळीच्या आत शेड उभी राहिली. दाराशी पडलेला राडारोडा शहाजीनं जोत्यात भरला, पाणी मारून चोपला, वर फरशी घातली. ढीग गेला आणि वाट सरळ झाली. बिरप्पा पहाटे अजून साडेतीनलाच उठतो. फक्त आता आठवड्यातले दोन दिवस यार्डात न जाता मागावर बसतो. बाहेर गिरणीचा पट्टा फिरायला लागला की खोलीची भिंत थोडी थरथरते. निंगव्वाच्या डोक्यावर जे निळे पत्रे आहेत, ते बिरप्पाच्या हमालीचे.